बोट सापडलं की आधी अंगठी काढा

गेल्या अंकात कंबरदुखीवर लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती, की हॉस्पिटलात बेड, सिलिंडर, मशीन ओढणाऱ्यांनी हाताला काय लागलं असेल तर तेही कळवा. कंबरेपेक्षा हाताचीच पत्रं जास्त आली. काळी नखं, सुजलेली बोटं, वाकडी झालेली पेरं असे नुसते फोटो पाठवलेत लोकांनी, खाली एक ओळ, "ताई काय करू". मी फिजिओथेरपी करते, त्यात हाताचेच पेशंट जास्त. आपल्या कोल्हापुरातल्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतली माणसं प्रेस मशीनमध्ये बोट गेलं की त्याच दिवशी दवाखान्यात येतात. हॉस्पिटलचा स्टाफ मात्र माझ्याकडं येतो तो दीड-दोन महिन्यांनी. ज्याच्या कामाच्या जागेपासून कॅज्युअल्टी वीस पावलांवर आहे तो माणूस बोटाला कापूस गुंडाळून घरी जातो, एक्सरे नाही, केसपेपर नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत बेड ढकलायला हजर. हे मला बघवत नाही, म्हणून या वेळचं सगळं पान याच विषयाला. पत्रातली नावं आणि हॉस्पिटलची नावं काढलीत, सगळ्यांची नोकरी आहे.

प्रश्न : ताई, मी एका प्रायव्हेट हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे, बारा वर्षं झाली, सगळी मामाच म्हणतात मला. चार दिवसांपूर्वी पेशंटचा बेड लिफ्टमधनं बाहेर काढताना हात बेडचा कोपरा आणि लिफ्टच्या चौकटीत सापडला. उजव्या हाताचं मधलं बोट आणि करंगळीशेजारचं. करंगळीशेजारच्या बोटात अंगठी हाय लग्नातली, ती आता निघंनाच झालीय, बोट सुजून पाव झालंय. मधल्या बोटाचं नख सगळं काळं पडलंय, पहिल्या दोन रात्री तर ठणक्यानं झोप न्हाई. बायको म्हणत्या हळद-तुरटीचा लेप लाव, शेजारचा म्हणतोय सुई तापवून नखाला भोक पाड. काय करू?
(वॉर्डबॉय, कसबा बावडा)

उत्तर : मामा, तुमचं पत्र हातात आलं तेव्हाच तुम्हाला फोन लावला आणि अंगठीचं सांगितलं, पण इतरांसाठी लिहिते. बोट सापडलं, चेमटलं, मुरगळलं, काही झालं तरी पहिलं काम अंगठी काढायचं, रक्त पुसायच्या पण आधी. सूज यायला अर्धा तास पण लागत नाही, आणि अंगठीखालनं रक्त आत येत राहतं पण बाहेर जायची वाट बंद होते, मग सूज अजून वाढते, अंगठी अजून रुतते, असं ते चक्र चालू राहतं. नुकतंच लागलं असेल तर हात पाच-दहा मिनिटं छातीच्या वर धरा, गार पाण्यात बुडवा, साबण लावा आणि अंगठी ओढू नका, गोल फिरवत फिरवत काढा. तरी नाही निघाली, किंवा बोटाचं टोक निळं, पांढरं, गार पडलंय, बधिर झालंय, तर घरचे प्रयोग बंद. कॅज्युअल्टीत अंगठी कापायचं छोटं कटर असतं, दोन मिनिटांचं काम आहे. लग्नातली अंगठी कापायला जीव होत नाही हे मला कळतं, पण गुजरीत कुठलाही सोनार ती परत जोडून देतो.

आता नख. नखाखाली रक्त साचलंय आणि त्याला बाहेर पडायला जागा नाही, म्हणून तो ठणका. पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून ते रक्त काढतात आणि पेशंटला तिथंच बसल्या जागी आराम पडतो. तुम्हाला चार दिवस झालेत, रक्त गोठलंय, आता त्याचा फारसा उपयोग नाही. आणि घरी सुई तापवून तर अजिबात नको, कारण नखाखालचं हाड मोडलेलं असेल तर त्या भोकातनं जंतू थेट हाडापर्यंत जातात. आधी एक्सरे. हे नख बहुतेक गळून पडेल, घाबरू नका, खालनं नवीन येतं, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नख यायला सहा महिने धरा. लेप लावायचाच असेल तर कातडी कुठं फाटलेली नाही ना बघा, उघड्या जखमेवर हळद-तुरटी काही नको. चोळायचं नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, झोपताना हात उशीवर उंच, आणि बाकीची बोटं हलती ठेवायची. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल आणि जखम उघडी असेल तर आजच घ्या.

पण मामा, तुमचा हात तिथं गेलाच कसा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मी एकदा एका हॉस्पिटलात लिफ्टसमोर अर्धा तास उभी राहून नुसती बघत होते. सहा बेड गेले. सहाच्या सहा वेळा मागच्या माणसाचे दोन्ही हात बेडच्या डोक्याकडच्या फळीच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर, मोटरसायकलचं हँडल धरल्यासारखे, अंगठा आत आणि चार बोटं बाहेर. बेड आणि लिफ्टच्या चौकटीत दोन्ही बाजूला तीन-तीन बोटांची जागा असते, आणि तेवढ्याच जागेत ती चार बोटं जातात. बेड रिकामाच शंभर किलोच्या आसपास, आयसीयूचा मोटरवाला तर त्याच्याही पुढं, वर पेशंट, वर सलाईनचा स्टँड, बेडवर ठेवलेला मॉनिटर. एवढं वजन एकदा चालायला लागलं की हातानं थांबत नाही. म्हणून हात कोपऱ्यावर नको, फळीच्या वरच्या कडेवर, खांद्याएवढ्या अंतरात, दोन्ही आतल्या बाजूला. पुढचा माणूस पण बेड ओढत उलटा चालतो आणि लिफ्टमध्ये शिरताना त्याचे हात बेड आणि मागच्या भिंतीच्या मध्ये सापडतात, त्यानं ओढायचंच नाही, बाजूनं चालत फक्त दिशा द्यायची. ढकलायचं मागच्यानं. आणि साईड रेल खाली-वर करताना दुसरा हात फ्रेमवर टेकलेला नसावा, करंगळ्या तिथंच जातात.

प्रश्न : मी ऑक्सिजनचं बघतो, मॅनिफोल्ड रूमला, म्हणजे सिलिंडर पाइपलाइनला जोडत्यात त्या खोलीत. जंबो सिलिंडर आम्ही तिरका करून गोल फिरवत नेतो, सगळीकडं हीच पद्धत हाय, ट्रॉली एकच ती पण मोडकी. मागच्या महिन्यात दोन सिलिंडरच्या मध्ये अंगठा सापडला, आता बराय. प्रश्न वेगळा हाय. थंडीत हाताला भेगा पडत्यात, रक्त येतंय, मी खोबरेल लावून काम करतो तर आमचे सिनियर ओरडले. तेलानं काय होतंय?
(टेक्निशियन, फुलेवाडी)

उत्तर : दादा, सिनियर बरोबर ओरडले, आणि त्यांनी का ओरडलो ते पण सांगायला पाहिजे होतं. जंबो सिलिंडरमध्ये ऑक्सिजन साधारण १५० किलो दर चौरस सेंटिमीटर एवढ्या दाबानं भरलेला असतो, चारचाकीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ सत्तरपट. एवढ्या दाबाच्या ऑक्सिजनसमोर तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही आलं तर ठिणगी न पडताही पेट घेऊ शकतं. खोबरेल लावलेल्या बोटांनी व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, स्पॅनर धरला की तेल तिथं लागणारच. म्हणून तेल रात्री झोपताना लावा, भरपूर लावा, हवं तर वर सुती मोजे घाला. सकाळी साबणानं हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून मगच कामाला. ड्युटीवर भेगेला पट्टी लावा, मलम नको.

सिलिंडर फिरवत न्यायचं म्हणाल तर मला माहितेय की सगळे तसंच करतात आणि मोडकी ट्रॉली तुमच्या हातात नाही. तरी वजनाचा हिशेब डोक्यात असू दे. रिकामा सिलिंडरच पन्नास-साठ किलोचा, आणि आत ७ घनमीटर ऑक्सिजन भरला की त्या गॅसचंच वजन ९ किलोच्या आसपास, हवेला कसलं वजन असं वाटतं पण तेवढं असतं. तो कलला की तुमचा हात त्याला धरून ठेवू शकत नाही. अंगठे मोडतात ते बहुतेक सिलिंडर पडताना त्याला पकडायला गेल्यावरच. पडायला लागला तर धरायचा नाही, बाजूला व्हायचं. म्हणून न्यायच्या आधी व्हॉल्व्हवर टोपी घट्ट पाहिजे, आणि आजूबाजूला कोण उभं नाही हे बघायला पाहिजे. फिरवताना एक हात टोपीवर वरनं, बोटं मिटलेली, दुसऱ्या तळव्यानं ढकलायचं, बोटांनी कवळा मारायचा नाही. रांगेत लावताना शेवटच्या वितीत हात बाजूला काढून पायाच्या बुटानं हळू सरकवा, तुमचा अंगठा तिथंच सापडलाय, शेवटच्या वितीत. उभे सिलिंडर साखळीनं बांधलेले पाहिजेत. ट्रॉली दुरुस्त करा म्हणून अर्ज लेखी द्या आणि एक कॉपी जवळ ठेवा.

आणि एक विचारलं नाही तरी सांगते. एमआरआयच्या खोलीत लोखंडी सिलिंडर कधीच न्यायचा नाही, मशीन बंद दिसली तरी नाही, तिचं चुंबक दिवसरात्र चालूच असतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात सिलिंडर देऊन आत पाठवलं, चुंबकानं माणसासकट ओढून घेतला आणि तो माणूस गेला. कोणी कितीही घाई केली, कितीही मोठ्या आवाजात सांगितलं, तरी दारातच थांबा.

प्रश्न : ताई मी स्टाफ नर्स आहे, तीन आठवड्यांपूर्वी पोर्टेबल एक्सरे मशीन रॅम्पवरनं नेताना ती मागं सरली, मला धक्का बसला आणि मी उजव्या तळहातावर पडले. त्याच दिवशी एक्सरे काढला, नॉर्मल आला, क्रेप बँडेज बांधून ड्युटी चालू आहे. पण अजून अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय, सलाईनच्या बाटलीचं सील काढता येत नाही, कळ येते. सगळे म्हणतात एक्सरे नॉर्मल आहे म्हणजे मनाचं आहे. खरंच मनाचं असेल का?
(सिस्टर, राजारामपुरी)

उत्तर : मनाचं नाही सिस्टर. तुम्ही फोटोत जिथं खूण केलीय, अंगठा ताणला की मनगटाला जो खड्डा पडतो बरोबर तिथं, तिथं दुखत असेल आणि तळहातावर पडल्याचं सांगताय, तर जोवर तपासून नक्की होत नाही तोवर ते हाड मोडलंय असंच धरून चालायचं. तिथं स्कॅफॉइड नावाचं एक हाड असतं, आजऱ्याच्या काजूएवढं आणि साधारण काजूच्याच आकाराचं. त्याची बारीक चीर पहिल्या दिवशीच्या एक्सरेत खूपदा दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांनी परत काढला की दिसते, किंवा एमआरआयमध्ये आधीच दिसते. आणि याला रक्त पोचतं ते हाडाच्या लांबच्या टोकाकडनं, मनगटाकडच्या तुकड्याला त्या चिरेच्या पलीकडनंच पुरवठा, त्यामुळं चीर दुर्लक्षित राहिली तर तो तुकडा उपाशी राहतो, जुळत नाही आणि पुढं काही वर्षांनी सगळं मनगटच दुखायला लागतं. मी अशी मनगटं बघितलीत, तरण्याताठ्या मुलींची, पीळ घालून फडकं पिळता येत नाही.

तर उद्याच ऑर्थोच्या ओपीडीत जा, आणि "मनगट दुखतंय" एवढंच सांगू नका, "तळहातावर पडले, स्कॅफॉइडचे व्ह्यू काढा" असं सांगा. तोवर अंगठ्यासकट मनगट धरणारा स्प्लिंट घाला, क्रेप बँडेजनं अंगठा थांबत नाही. त्यात काही निघालं नाही तर दुसरी शक्यता अंगठा हलवणाऱ्या शिरांच्या सुजेची, पण ती अशी पडल्यावर एकदम होत नाही, रोजच्या त्याच त्याच कामानं हळूहळू होते. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडं वाकवलं की जीव जाईल अशी कळ येते, त्यावर विश्रांती आणि स्प्लिंटनं बऱ्याच जणांना बरं वाटतं.

आणि रॅम्प. जुनी मशीन असेल तर तिला स्वतःची मोटर नसते, सगळा भार माणसावर. उतारावर मशीन खाली आणि माणसं वर, दोघं पाहिजेत, एकटीनं नाही. चढावर पण दोघं, आणि ब्रेक कुठं आहे ते निघायच्या आधी पायानं दाबून बघायचं. रात्रीच्या ड्युटीला मामा एकटेच असतात आणि तीन वॉर्डांत असतात हे मला माहितेय, तरी दहा मिनिटं थांबा. पेशंट अगदी अत्यवस्थ असेल तर डॉक्टरांनाच हात लावायला सांगा, लावतात ते, विचारलं तर लावतात.

प्रश्न : माझे वडील एका हॉस्पिटलात कॉन्ट्रॅक्टवर हाऊसकीपिंगला आहेत, वय ५४. गाद्या आणि कपाट हलवताना कपाटाचं दार बोटाच्या टोकावर आपटलं. आता पहिल्या बोटाचं शेवटचं पेर खाली वाकलंय, दुसऱ्या हातानं सरळ केलं की होतं, सोडलं की परत पडतं. दुखत नाही म्हणून ते काहीच करत नाहीत. पंधरा दिवस झाले. सुपरवायझर म्हणाला की घरी लागलं म्हणून सांग नाहीतर कॉन्ट्रॅक्टर ब्रेक देईल. मला खूप राग येतोय पण घर त्यांच्याच पगारावर चालतंय.
(विद्यार्थिनी, उचगाव)

उत्तर : बाळा, तुझा राग अगदी बरोबर आहे. आधी बोटाचं सांगते, कारण ते अजून बरं होण्यासारखं आहे. बोटात स्नायू नसतातच, ती कोपरापासनं येणाऱ्या दोऱ्यांवर चालतात, कळसूत्री बाहुलीसारखी. शेवटचं पेर वर उचलणारी दोरी टोकाला तुटली की पेर असं पडतं. ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. पेर सरळ धरणारा छोटा स्प्लिंट सहा ते आठ आठवडे, दिवसरात्र, अंघोळीला पण, आणि त्या सगळ्या दिवसांत पेर एकदाही वाकलं नाही पाहिजे. एकदा जरी पडलं तर दिवस परत पहिल्यापासनं मोजायचे. स्प्लिंट बदलायचा तर हात टेबलावर सपाट ठेवून, बोट टेबलाला टेकवूनच. पंधरा दिवस उशीर झाला तरी उपयोग होतो, मी महिना झालेली बोटं पण सरळ झालेली बघितलीत. फक्त आधी एक्सरे, हाडाचा मोठा तुकडा निघालेला असला तर गणित बदलतं. आणि हे तुझ्या बाबांना पटवायचं काम तुझं, कारण दुखत नाही म्हणून ते चार दिवसांत स्प्लिंट काढून ठेवतील, सगळे बाबा असंच करतात.

आता सुपरवायझर. केसपेपरवर डॉक्टर पहिली ओळ लिहितात ती "कसं लागलं" हीच असते, आणि पुढं जे काही मिळणार ते त्या एका ओळीवर. तिथं "घरी पडले" लिहिलं गेलं की कामावरचा अपघात म्हणून सिद्ध करायला नंतर नाकीनऊ येतात. बाबांच्या पगारातनं ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापतात का ते पगाराच्या स्लिपवर बघ. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू असते, कामगाराच्या पगारातनं ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावर लागून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस कामावर जाता आलं नाही, तर रोजच्या पगाराच्या ९० टक्के रक्कम ईएसआयकडनं मिळते. बाकीच्या आजारपणाला किती दिवस वर्गणी भरली याची अट असते तशी अट कामावरच्या अपघाताला नाही, कालच कामाला लागला असेल तरी मिळतं. बोट कायमचं अधू झालं तर मेडिकल बोर्ड बघून टक्का ठरवतं आणि त्या हिशेबानं दरमहा पैसे येतात.

कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणून हॉस्पिटलची जबाबदारी संपत नाही, हे लक्षात ठेव. ज्याच्या जागेत काम चालू आहे तो मुख्य मालक, वर्गणी कॉन्ट्रॅक्टरनं भरली नसेल तर ती भरायची जबाबदारी त्याच्यावर. ईएसआय लागू नसेल तरी काम करताना लागल्याची भरपाई मालकाकडनं मागायचा हक्क कामगाराला १९२३ पासनं कायद्यात आहे. म्हणून एका कागदावर तारीख, वेळ, जागा, काय हलवत होते, सोबत कोण होतं, एवढं साधं लिही, बाबांची सही घे, हॉस्पिटलच्या ऑफिसला दे आणि आपल्या कॉपीवर पोच घे. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, नुसता कागद द्यायचा. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठव. पंधरा दिवस झाले म्हणून थांबू नको, डॉक्टरांना पण खरं तेच सांगा, "कामावर कपाटाचं दार लागलं".

प्रश्न : बेड हलवताना ग्लोव्हज घातले की हात वाचतात का? आमच्याकडं निळे ग्लोव्हज बॉक्सनं मिळतात.
(मावशी, लक्षतीर्थ वसाहत)

उत्तर : नाही हो मावशी, ते निळे ग्लोव्हज रक्तापासनं, घाणीपासनं वाचवतात, चेंगरण्यापासनं नाही. सिलिंडर आणि लोखंडी सामानाला जाड पकडीचे हातमोजे मागा, मापाचे आणि तेलाचा डाग नसलेले, ढगळ मोजा उलट जास्त अडकतो. मात्र बेडच्या फ्रेमला किंवा गादीखाली हात घालताना निळे घालाच, तिथं सुई राहिलेली असते. बोचलीच तर दाबून रक्त काढू नका, साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि लगेच, त्याच तासात सिस्टरना सांगा, एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या असतात, त्या होता होईतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करायच्या असतात. बांगड्या मात्र ड्युटीला कमी घाला, काचेच्या तर नकोच.

प्रश्न : आमचं शाहूपुरीत छोटं हॉस्पिटल आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी आलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं सामान स्टाफनं जिन्यानं वर नेलं, लिफ्ट बंद होती. दोन्ही वेळा मिळून तिघांच्या हाताला लागलं, एकाच्या बोटाचं टोक गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या वेळी काय वेगळं करू?
(एक डॉक्टर)

उत्तर : डॉक्टर, मालक म्हणून असं विचारणारं पत्र हे एकच आलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे वेळ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. तुमची जागा पाण्यात येणारी आहे हे दोनदा दिसलंय, तर ३९ ला सामान हलवायला सुरुवात करायची, दिवसाउजेडी, लिफ्ट आणि लाईट चालू असताना. हाताला लागतं ते रात्री, ओल्या जिन्यावर, मोबाईलच्या बॅटरीत आणि पाणी दारात आल्यावर. कुठली वस्तू आधी, कुठं ठेवायची, कोण कोण धरणार, हे मे महिन्यातच लिहून भिंतीला लावा. सी-आर्मसारखं, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी एक्सरे दाखवणारं, अडीचशे-तीनशे किलोचं मशीन जिन्यानं न्यायचंच नाही, ते आधी लिफ्टनं वर गेलं पाहिजे, नाहीतर क्रेन-हमालवाल्यांचं काम आहे ते, वॉर्डच्या मामांचं नाही.

दुसरं, बोटं उचलताना कमी सापडतात, खाली ठेवताना सापडतात. टेकवायच्या क्षणी एकजण आधी सोडतो आणि दुसऱ्याची बोटं खाली राहतात. उद्यमनगरातले जुने मिस्त्री काय करतात बघा, जड वस्तू ठेवायची तिथं आधी दोन लाकडी ठोकळे टाकतात, वस्तू त्यावर टेकते, बोटं आरामात बाहेर येतात, मग पहारीनं एकेक ठोकळा काढतात. प्रत्येक मजल्यावर असे चार ठोकळे ठेवा, खर्च काहीच नाही. धरायला कडा नको, रुंद पट्टे घ्या. आणि आवाज एकाचाच. "उचला", "थांबा", "टेकवा", हे तीन शब्द एकच माणूस बोलणार, बाकी सगळे गप्प, मग तो वॉर्डबॉय असला आणि ऐकणारे सर्जन असले तरी.

तिसरं पुराचं नाही, रोजचं आहे. चाकं. एखादा बेड उलटा करून चाक बघा, आत केस, गॉजचे दोरे, टाक्यांचे धागे, सगळं गुंडाळून दोरखंड झालेला असतो. एक चाक अडकलं की बेड तिरका चालतो, मग माणूस दिशेसाठी कोपरा धरतो, आणि पुढं पहिल्या मामांच्या पत्रातली गोष्ट घडते. महिन्यातनं एक दिवस, एक कात्री, एक माणूस, सगळी चाकं. अडणारा बेड बाजूला काढायचा अधिकार मामा-मावशींना द्या, त्यांना तो बेड आवाजावरनं ओळखू येतो.

आणि देव न करो पण परत कुणाचं बोट तुटलं तर तुमच्याच स्टाफला हे पाठ पाहिजे, कारण हॉस्पिटलात पण घाबरून लोक तुकडा थेट बर्फात टाकतात. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच. तुकडा सलाईननं नुसता धुवायचा, घासायचा नाही, ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात. बर्फ तुकड्याला लागला की तो जळतो आणि जोडता येत नाही. पिशवीवर वेळ लिहायची आणि पेशंटबरोबरच, त्याच गाडीतनं प्लास्टिक सर्जनकडं. थंड ठेवलेलं बोट बऱ्याच तासांनी पण जोडता येतं, गरमीत राहिलेल्याला तेवढा वेळ मिळत नाही.

ज्याच्या बोटाचं टोक गेलं त्याला माझ्याकडं पाठवून द्या, फी राहू दे.

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी स्ट्रेचरच्या घडीत उजवा अंगठा चेमटला, टाके पडले, जखम भरली. आता त्या अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत न्हाई. हजेरी लागत न्हाई, महिन्यातनं दोन-तीन खाडे पडत्यात मी हजर असून. रेशनला पण तीच कटकट. आणि टोकाला काही लागलं की करंट बसल्यागत होतंय, म्हणून मी तो अंगठा वापरतच न्हाई.
(वॉर्डबॉय, वडणगे)

उत्तर : मामा, ठशाचं आधी. हजेरीच्या मशीनमध्ये एकाहून जास्त बोटांचे ठसे घालता येतात, ऑफिसला अर्ज द्या की डाव्या हाताची दोन बोटं नोंदवून घ्या, सोबत टाक्यांच्या वेळच्या केसपेपरची झेरॉक्स जोडा, आणि आधी पडलेले खाडे त्याच अर्जात तारखांसकट लिहा. आधारला दहाही बोटं घेतलेली असतात, त्यामुळं रेशनवर दुसरं बोट लावून बघा, तेही चालत नसेल तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्यानं अपडेट करून घ्या.

करंटसारखं होतंय त्याला उपाय आहे, पण अंगठा लपवून ठेवला तर ते वाढत जातं. स्पर्श कळवणाऱ्या शिरेचं टोक जखमेत उघडं पडलंय, त्याला साध्या स्पर्शाची परत सवय लावायची. पहिला आठवडा कापसानं टोक हळू हळू पुसायचं, दिवसातनं चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटं. मग मऊ कापड, मग टॉवेल, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासनं घरातला जोंधळ्याचा डबा घ्या, त्यात हात मनगटापर्यंत घालून दाणे चोळत राहायचं. सुरुवातीला झिणझिण्या येतील, डोळ्यात पाणी येईल, तरी थांबायचं नाही, फक्त जोर कमी करायचा. एका ठरावीक जागी बोट ठेवलं की दर वेळी जोरात कळ जाते असं असेल तर तिथं शिरेची गाठ असू शकते, ती हाताच्या सर्जनला दाखवावी लागेल. शर्टाचं बटण त्या अंगठ्यानं लावायला लागलात की मला कळवा, डब्यात वहिनींनी जोंधळा किती ठेवलाय ते पण बघा, निम्मा तरी पाहिजे, नाहीतर हात बुडत नाही.